राहून गेलेली बातमी

प्रफुल्ल नगराळेला मुकुटबनात अजूनही काही लोक ‘न्यूजवाले’ म्हणून हाक मारतात. हाक ऐकली की त्याची मान खाली जाते. नव्या माणसाला वाटतं, स्वभावानं लाजरा असेल. लाजरा तो कधीच नव्हता. ती मान कशामुळे खाली जाते ते मला माहीत आहे, कारण त्या गोष्टीत माझाही हात आहे. मी तेव्हा गावातल्या एका शाळेत मास्तर होतो.

प्रफुल्लचे वडील धर्मपाल वणीच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. पोराच्या पाठीवर गाठ येऊ नये म्हणून त्यांनी त्याला वणीच्या आयटीआयला घातलं. तिथून तो रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम शिकून आला आणि बसस्टँडजवळ टपरी टाकून बसला. नव्व्याण्णव साली त्यानं घराच्या स्लॅबवर मोठी डिश बसवली आणि झाडाझाडावरून तारा ओढून चाळीस घरांत केबल दिली. पुढं ती घरं पावणेचारशेवर गेली.

त्या काळातलं केबल साधं होतं. वर डिश, खाली एका खोलीत रॅकवर मांडलेली यंत्रं. एका यंत्रातून एक वाहिनी निघायची आणि सगळ्या वाहिन्या एकाच तारेतून घरोघर जायच्या. एखाद्या यंत्राला डिशऐवजी आपला कॅमेरा जोडला की आपली स्वतःची वाहिनी तयार, कोणाला विचारायची गरज नाही. प्रफुल्लला हे समजायला काही वर्षं लागली, पण समजल्यावर तो थांबला नाही. दोन हजार आठ साली त्यानं ‘आपलं मुकुटबन’ सुरू केलं.

आवाज त्याला वडिलांकडून मिळाला होता, भरदार. दर रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी सात वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून निळ्या पडद्यासमोर बसायचा. बायको दीपा कॅमेरा धरायची. कोणाचा बैल हरवला, वणीच्या बाजारात कापसाला काय भाव मिळाला, लाइन किती वाजता जाणार, कोलामांच्या वस्तीवर, पोडावर, लसवाले कधी येणार, कोण वारलं आणि माती किती वाजता. लोक हातातला घास हातात ठेवून ऐकायचे. बाजारातून तो चालला की भाजीवाल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. “पाय वं, न्यूजवाला चालला.” त्याला ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही? पण हळूहळू हरवलेल्या बैलांत त्याचं मन रमेना. मोठ्या वाहिन्यांवर पत्रकार लोकांना धारेवर धरतात, कॅमेरा लपवून चोऱ्या उघड करतात, तसं काही तरी आपणही करावं, असं त्याच्या डोक्यात शिरलं.

दोन हजार तेराच्या डिसेंबरात चहाच्या ठेल्यावर त्याच्या कानावर आलं, की शाळेतल्या खिचडीचं तेल कमी भरतं. आमच्या शाळेत खिचडी शिजवायला कौसल्याबाई भगत होत्या. प्रफुल्लच्याच वस्तीतल्या, त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, नात्यानं लांबच्या काकू. नवरा वणीकडं कोळशाच्या ट्रकवर, मुलगी लग्न होऊन गेलेली. बाई बोलायला कमी आणि हाताला स्वच्छ.

प्रफुल्ल शाळेसमोरच्या पानठेल्यात कॅमेरा घेऊन तीन दिवस बसला. तिन्ही दिवस संध्याकाळी चारच्या सुमारास त्याला तेच दिसलं. शाळा सुटते, कौसल्याबाई स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप लावतात, आणि कमरेवर तेलाचा पंधरा लिटरचा पिपा घेऊन घराकडं निघतात. त्यानं ते चित्रण घेतलं आणि रविवारी दाखवलं. वर आपला आवाज चढवला: “लेकरांच्या खिचडीचं तेल जाते कोनाच्या घरात?” नाव घेतलं नाही, पण चेहरा पूर्ण दिसत होता. लोकांनी मागणी केली म्हणून सोमवारी सकाळी पुन्हा दाखवलं, आणि बुधवारीही.

त्या पिप्यात काय होतं ते मला माहीत होतं. काही नव्हतं. शाळेतल्या हातपंपाचं पाणी तपासून गेलेल्या लोकांनी पंपाला लाल रंग मारला होता, म्हणजे ते प्यायचं नाही. दुसरी सोय झाली नव्हती. म्हणून कौसल्याबाई संध्याकाळी रिकामा पिपा घरी न्यायच्या, राखेनं घासायच्या, आणि सकाळी स्वतःच्या विहिरीचं पाणी भरून डोक्यावर घेऊन यायच्या. प्रफुल्ल सकाळी कंट्रोल रूममध्ये असायचा. त्यानं जातानाचं पाहिलं, येतानाचं पाहिलं नाही. ते पाणी लेकरं प्यायची. मीही रोज प्यायचो.

आठवड्याभरात शाळेच्या समितीची बैठक झाली. शिक्षकांच्या वतीनं मी त्या समितीत होतो. बैठकीआधी हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, पाण्याचं काढू नका. लेकरायले कोनाच्या घरचं पाणी पाजता म्हणून आपल्यावरच येईन.” मी मान हलवली.

कौसल्याबाई दाराजवळ उभ्या होत्या. त्यांना बसायला कोणी सांगितलं नाही. एक सदस्य म्हणाला, “सगळ्या गावानं टीव्हीवर पाह्यलं, आता काय इचारायचं राह्यलं?” बाईंनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. “सर, तुमी सांगा न, पिप्यात काय असते ते.”

माझ्यासमोर इतिवृत्ताची वही होती. मी वहीत पाहत राहिलो.

त्या दिवशी बाईंचं काम गेलं. घरी गेल्यावर त्यांनी भिंतीवरची केबलची तार खिळ्यांसकट उपसली, नीट गुंडाळली आणि प्रफुल्लच्या दाराच्या कडीला अडकवून आल्या. दीपानं ती पाहिली. पुढं कौसल्याबाई जिनिंगात मजुरीला जायला लागल्या. शाळेतली पोरं रस्त्यावर त्या दिसल्या की ‘तेलवाली, तेलवाली’ म्हणून ओरडायची. ती पोरं माझ्या वर्गातली होती.

फेब्रुवारीत शाळेला वरून एक पत्र आलं. पुरवठ्याची गाडी कित्येक शाळांमध्ये तेलाचे पिपे कमी उतरवून जात होती, आणि त्या यादीत आमची शाळा होती. म्हणजे हरवलेलं तेल शाळेत आलंच नव्हतं. ते पत्र वाचल्यावर दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी प्रफुल्लच्या कंट्रोल रूममध्ये गेलो आणि त्याला पत्राचं सांगितलं, पाण्याचंही सांगितलं.

तो उठला, कॉम्प्युटरवर ते चित्रण लावलं आणि आवाज बंद केला. आम्ही दोघं पाहत राहिलो. कौसल्याबाई कुलूप लावतात, पिपा कमरेवर घेतात, चालायला लागतात. दहा पावलांवर त्या पदर सावरायला पिपा खाली घेतात, आणि पुढं कडीत दोन बोटं घालून तसाच हलवत नेतात. पिपा हवेत झुलत होता. पंधरा लिटर तेल असतं तर खांदा कलला असता.

प्रफुल्लनं तेवढाच तुकडा चार वेळा मागं घेऊन पाहिला.

“हे माया डोळ्यासमोर होतं, सर,” तो म्हणाला. “एडिटिंगले मीच बसलतो.”

मग त्यानं विचारलं, “तुमाले तर माईत होतं. तुमी कमिटीत काहून नाई बोलले?”

मी म्हणालो, “नाही बोललो.”

“या रविवारी सांगतो मी,” तो म्हणाला. “आपल्याच च्यानलवर सांगतो.”

त्यानं कागद लिहिला. मी तो वाचला होता. सरळ लिहिलेलं होतं: आम्ही दाखवलेली बातमी चुकीची होती, पिपा रिकामा होता, कौसल्याबाई भगत यांची काहीही चूक नाही, मी त्यांची माफी मागतो. पण त्या रविवारी गावातले एक जुने डॉक्टर वारले, आणि अशा दिवशी नको म्हणून कागद राहिला. पुढच्या रविवारी दीपानं कॅमेरा सुरू केला, त्यानं पहिली ओळ वाचली आणि हात वर करून थांबवायला सांगितलं. घसा बसला म्हणाला. मग निवडणूक आली. मग, आता लोक विसरले, कायले पुन्हा उकरायचं, असं तो म्हणू लागला. मी भेटलो की आम्ही दोघं पावसापाण्याचं बोलायचो. खरं सांगायचं तर तो वाचत नाही याचं मलाही बरं वाटायचं. कागद वाचला गेला असता तर लोकांनी विचारलं असतं, पाण्याचं शाळेत कोणाकोणाला माहीत होतं.

वस्तीच्या विहारात रविवारी सकाळी वंदना होते. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. कौसल्याबाई पहिल्या ओळीत बसायच्या. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की प्रफुल्लचे ओठ मिटायचे. हे मला दीपानं सांगितलं. ती म्हणाली, “सर, ह्यायचा आवाज एवढा मोठा, की तो थांबला तर सगळ्या विहारात समजते.” पुढं पुढं तो उशिरा जायला लागला, आणि मग जाईनासाच झाला.

अशी तीन वर्षं गेली. दोन हजार सोळा संपता संपता सरकारचा हुकूम खेड्यापर्यंत पोचला: जुनं केबल बंद, आता सगळं डिजिटल. नागपूरहून एका कंपनीची माणसं आली. वाहिन्या आता त्यांच्याकडून फायबरच्या तारेनं येणार, बंद कुलपातल्यासारख्या, आणि ते कुलूप उघडणारी पेटी प्रत्येक टीव्हीखाली बसणार. पेटी नसेल त्या घरी काही दिसणार नाही. प्रफुल्लच्या खोलीतली यंत्रं पाहून त्यांच्यातला एक जण हसला आणि म्हणाला, हे आता भंगार. प्रफुल्लनं आपल्या वाहिनीचं विचारलं. कंपनीच्या यादीत तिला जागा नव्हती. ती घालायची तर वेगळं यंत्र, वेगळी परवानगी. एका खेड्यासाठी कोणी ते करणार नव्हतं.

मार्चअखेर जुनं केबल तुटणार होतं. शेवटचं बातमीपत्र मार्चच्या शेवटच्या रविवारी ठरलं. त्या दिवशी दुपारी दीपानं कपाटातून तो कागद काढला, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात घातला आणि म्हणाली, “आज वाचा. याच्या नंतर वाचाले जागा राह्यनार नाई.”

“वाचतो,” तो म्हणाला.

मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. सात वाजता प्रफुल्ल आला. त्या दिवशी त्याच्या शेजारी खुर्च्या मांडल्या होत्या. गावातले प्रतिष्ठित लोक शाल आणि नारळ घेऊन आले होते. एकानं भाषण केलं, की या माणसानं नऊ वर्षं गावाला खरं तेच सांगितलं. दुसरा म्हणाला, मोठमोठ्या वाहिन्यांना जमत नाही ते यानं एका खोलीतून केलं. शाल अंगावर पडली. टाळ्या झाल्या. मग प्रफुल्लनं निरोपाचे चार शब्द बोलायचे होते. त्याचा हात खिशाकडं गेला. मी खुर्चीत पुढं सरकलो. माझी बायको म्हणाली, “काय झालं?” प्रफुल्लनं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, सगळ्यांचे आभार मानले आणि नमस्कार केला.

शुक्रवारी गावातल्या सगळ्या टीव्हींवर मुंग्या आल्या.

दीपा त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. त्यानं मला नंतर सांगितलं, की शाल अंगावर असताना त्याला खिशातला कागद छातीवर टोचत होता, आणि शेजारी बसलेल्या लोकांचे हसरे चेहरे पाहून त्याला वाटलं, हे लोक उठून गेले तर. “तेवढ्यासाठीच नाई वाचलं, सर. लोकं हसत होते म्हणून.”

आपल्याकडं पेटी आधी कोणी घेत नाही. टीव्ही बंद पडल्यावर मात्र सगळ्यांना त्याच दिवशी हवी असते. एप्रिल महिनाभर प्रफुल्ल पेट्यांची पिशवी आणि फॉर्म घेऊन घरोघर फिरत होता. फॉर्म भरायचा, फोटो घ्यायचा, पेटी जोडायची, म्हाताऱ्या माणसांना रिमोट समजावून सांगायचा. प्रत्येक घरात अर्धा तास तरी मोडायचा.

पहिल्या आठवड्यात तो बाबूसिंग राठोडच्या घरी गेला. बाबूसिंग तांड्यावरून गावात येऊन राहिलेला, किराणा दुकानवाला, बोलका माणूस. पेटी सुरू झाली, चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. बाबूसिंग खूश झाला आणि म्हणाला, “चित्र तं मस्त आलं गा. पण आता तुया बातम्या नाई. गावात चोर कोन हाय हे आता आमाले कसं समजन? त्या तेलवालीले पकडलं तसं कोन पकडन?”

प्रफुल्ल जमिनीवर बसून तार कापत होता. तो म्हणाला, “ते खोटं होतं, दादा.”

“काय खोटं?”

“तेलाचं. पिपा रिकामा होता. काकू शाळेसाठी पानी आनत होती. मी अर्धंच पाह्यलं आन् दाखवून देल्लं. तीन वर्षं झाले मले माईत हाय.”

बाबूसिंगनं हातातला रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, “बरं झालं सांगतलं,” आणि आतून चहा मागवला. बाहेर पडल्यावर प्रफुल्लला हलकं वाटलं. जे च्यानलवर सांगता आलं नाही ते आता घरोघर सांगायचं, असं त्यानं तिथंच रस्त्यावर ठरवलं. तशीही प्रत्येक घराची पायरी चढायचीच होती.

आणि त्यानं ते केलं. पेटी जोडून झाली की हात पुसून उभा राहायचा आणि घरातल्या माणसांना सांगायचा. कोणी म्हणालं, “आमाले तवाच शंका आलती.” कोणी नुसतं हूं म्हणून वाहिन्या बदलत राहिलं. एका म्हातारीनं विचारलं, “मंग तवाच काहून नाई सांगतलं रे बापू?” तो माझ्या घरीही आला. माझ्या बायकोसमोर त्यानं सगळं सांगितलं: पिपा, पाणी, पुरवठ्याचं पत्र. पत्राचं त्याला कोणी सांगितलं आणि समितीत कोण गप्प बसलं, ते त्यानं सांगितलं नाही. मी पेटीचा रिमोट हातात धरून उभा होतो. तो गेल्यावर बायको म्हणाली, “बिचारी बाई. शाळेत तुम्ही होता न तेव्हा?” मी म्हणालो, “होतो,” आणि अंगणात गेलो.

महिन्याच्या शेवटी एका सकाळी मी दळण घेऊन चक्कीवर बसलो होतो. समोरच्या खांबाला शिडी लावून प्रफुल्ल जुनी तार उतरवत होता. चक्कीवर चारपाच बाया होत्या. त्यांतली एक नवीन सून, कळंबहून लग्न होऊन आलेली, शेजारणीला विचारत होती, “ते तेल चोरलं नव्हतं म्हनतात ती बाई कोनती वं?” शेजारणीनं डोळ्यांनी दाखवलं. कौसल्याबाई गव्हाचा डबा घेऊन तिच्या मागंच उभ्या होत्या.

त्यांनी डबा खाली ठेवला आणि रस्ता ओलांडून शिडीखाली गेल्या.

“प्रफुल, खाली उतर.”

तो उतरला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती दोघं समोरासमोर उभी होती.

“काय सांगत फिरून राह्यला तू घरोघर?”

“खरं ते सांगून राह्यलो, काकू. तुमची काई चूक नोयती, हे सांगतो.”

“लोकं विसरले होते,” कौसल्याबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “पोरं मोठे झाले, वरडनं बंद झालं. जिनिंगात मले कोनी काई म्हनत नाई. आता तू पेटी लावत गेला आन् घराघरात पुन्हा मायं नाव टाकून आला. जिले काई माईत नोयतं ते कळंबची पोरगी बी आता चक्कीवर इचारते, ते तेलवाली कोनती म्हनून.”

प्रफुल्लच्या हातात तारेचं वेटोळं होतं. “मले वाटलं...”

“तुले वाटलं. तवा बी तुलेच वाटलं. ठेल्यात बसून तीन दिवस माया फोटो काढला, मायं घर तुया घरापासून चार घरं. एक डाव येऊन इचारलं असतं, काकू पिप्यात काय हाय, तर तुले मी पानी पाजलं असतं त्यातलं. तवा नाई इचारलं. आता सांगत फिरला, तवा बी मले नाई इचारलं. सगळ्या गावात गेला, माया दारात आला का तू?”

चक्की चालू होती, तरी सगळं ऐकू येत होतं. प्रफुल्ल तिथंच रस्त्यात खाली बसला आणि त्यानं त्यांच्या पायांकडं हात नेला. बाई दोन पावलं मागं सरकल्या.

“पाय नको धरू. लोकायले पुन्हा पाहाले होते.”

“मंग मी काय करू, काकू?”

त्या मग म्हणाल्या, “माया अपमान टीव्हीवर झाला, पन कामावरून काढलं ते कमिटीनं. त्या वहीत लिवलेलं हाय, चोरी केली म्हनून काढलं. ते तिथं अजून तसंच हाय. तुले सांगाचं असन तर तिथं सांग. मी असताना सांग.” मग त्यांनी मान वळवून चक्कीकडं पाहिलं. “आन् सर, तुमी बी या. तुमालेच तर इचारलं होतं मी.”

दळण तिथंच टाकून मी उठलो. कुठं जायचं ते मला सुचत नव्हतं, पण बसून राहता येईना.

सुट्ट्या लागायच्या आधी समितीची बैठक होती. या वेळी कौसल्याबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. प्रफुल्लनं तोच जुना कागद उघडला. घड्यांवर तो फाटायला आला होता. नऊ वर्षं गावाला बातम्या देणाऱ्या त्या माणसाला चार ओळी धड वाचता येईनात. दोनदा थांबला, तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेला. मग मी उभा राहिलो. हातपंपाचं, पाण्याचं, हेडमास्तरांचं आणि माझ्या मान हलवण्याचं सांगितलं. हेडमास्तर तेव्हा बदली होऊन गेले होते. समोर बसलेले दोघंतिघं जुने सदस्य टेबलाकडं पाहत होते. एक जण म्हणाला, “झालं गेलं सोडा आता, सर.” मी म्हणालो, “लिहून घ्या.”

लिहून घेतलं. कौसल्याबाईंनी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. दुसऱ्या वेळी त्या एका शब्दाला अडल्या. ‘गैरसमजातून’ असं लिहिलं होतं. “गैरसमज कोनाले झाला?” त्यांनी विचारलं. “यायनं अर्धं पाह्यलं आन् सरायले सगळं माईत होतं. गैरसमज कोनाचाच नोयता.” तो शब्द खोडला. मग त्यांनी सही केली, हळूहळू, प्रत्येक अक्षर काढून, आणि घरी गेल्या.

त्यांची जागा तेव्हा भरलेली होती. खिचडी शिजवणारी नवी बाई विधवा होती, तिला काढायचं कोणाच्या मनात नव्हतं, कौसल्याबाईंच्याही नाही. दोन वर्षांनी ती बाई लेकाकडं राहायला गेली तेव्हा शाळेनं कौसल्याबाईंना बोलावणं पाठवलं. त्या आल्या नाहीत. निरोप आला, की गुडघे दुखतात. गुडघे दुखत असतीलही. जिनिंगात मात्र त्या अजून जातात.

मी पुढं त्याच शाळेतून निवृत्त झालो. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणालो. लोकांनी तो साधेपणा समजून माझं कौतुक केलं. मी खरं कारण सांगितलं नाही.

प्रफुल्लची केबलची घरं आता शंभराच्या आत आली आहेत. लोकांनी आपापल्या डिशच्या छत्र्या बसवल्या, बरेच जण मोबाइलवरच पाहतात. तो इंटरनेटच्या तारा जोडायची कामं करतो. गावातल्या काही जणांनी त्याला कितीदा सांगितलं, की मोबाइलवर बातम्यांचं च्यानल काढ, आता तर कोणाची परवानगीही लागत नाही, आवाज तुझा अजून तसाच आहे. तो नाही म्हणतो. कोणी त्याच्या फोनवर गावातल्या माणसाचा काही व्हिडिओ पाठवला की तो उघडतसुद्धा नाही. एकदा मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाला, “भीती नाई, सर. मले माया हाताचा भरोसा नाई.”

मागच्या उन्हाळ्यात कौसल्याबाईंच्या नातीचं बारसं झालं. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाई आमंत्रण द्यायला वस्तीत घरोघर फिरल्या. प्रफुल्लच्या दारात आल्या तेव्हा तो अंगणात खुर्चीवर होता आणि मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्यांनी आत हाक मारली, “दीपा, रविवारी येजो वं बारशाले.” आमच्या दोघांकडं पाहून त्या क्षणभर थांबल्या, मग पुढच्या घराकडं गेल्या.

रविवारी दीपा एकटी गेली. मी संध्याकाळी प्रफुल्लकडं गेलो तर तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसला होता. कुठं निघालास, असं मी विचारलं नाही. चार घरं पलीकडून बायांच्या गाण्याचा आवाज येत होता.

दिवे लागायच्या वेळी दीपा परत आली. तिच्या हातात झाकण लावलेला डबा होता. पुरी, भाजी, बुंदी. “काकूनं भरून देल्ला,” ती म्हणाली.

“कोनासाठी म्हने?” प्रफुल्लनं विचारलं.

“काई नाई म्हनली. नुसता भरला आन् हातात देल्ला.”

प्रफुल्लनं डबा मांडीवर घेतला. बराच वेळ त्यानं झाकण उघडलं नाही. मग दीपाला म्हणाला, “सरायले ताटली दे.”